तिसरा पुरे

मामा कुठल्याही पेशंटच्या घरात शिरले, की चपला काढून थेट स्वयंपाकघरात जात आणि ओल्या कचऱ्याची बादली उघडून बघत. रक्तदाब नंतर, औषधं नंतर, घरच्यांना नमस्कार तर त्याच्याही नंतर. बादलीत डोकावून ते नाकातून एक आवाज काढत. त्या आवाजाचे दोन प्रकार होते. एकाचा अर्थ ‘ठीक आहे’, आणि दुसऱ्याचा ‘ह्या घरात माणूस उपाशी पडलाय आणि पोळ्या कचऱ्यात चालल्यात’. नव्या सोसायट्यांमधल्या लोकांना ही तपासणी मुळीच आवडत नसे. पुनावळ्याच्या एका बाईंनी तर फोनच केला होता. “तुम्ही अटेंडंट पाठवलाय की कचऱ्याचा इन्स्पेक्टर?”

मी तेव्हा त्या एजन्सीत सुपरवायझर होते. मी त्यांची माफी मागितली आणि मामांना जाब विचारला. पेशंट जेवला का हे पेशंटला विचारता येत नाही का?

“पेशंट खोटं बोलतो,” मामा म्हणाले. “घरचे त्याच्यापेक्षा खोटं बोलत्यात. तू तर छापून खोटं बोलतीस. खरकटं तेवढं खोटं बोलत न्हाई.”

छापून खोटं बोलण्याचं पुढे सांगेन. आधी एजन्सीचं सांगते. चिखलीच्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरच्या घरी नर्स, मालिशवाले, अटेंडंट पुरवणं हा धंदा. अटेंडंट बाई असली की तिला मावशी म्हणायचं, पुरुष असला की मामा. म्हणजे तसे सगळेच मामा होते. पण नुसतं ‘मामांना पाठवा’ म्हटलं, की ऑफिसात एकच माणूस डोळ्यांसमोर येई, आणि तो नको म्हणून दोन-तीन जण लगेच दुसरी नावं सुचवत.

मामा चिखलीच्या जुन्या गावठाणातले. अंगाने काटक, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि खांद्याला एक खाकी पिशवी. पिशवीत स्वच्छ पंच्यात गुंडाळलेला स्टीलचा डाव. लग्नात वरण वाढतात तसा, लांब दांड्याचा. मामा तीस वर्षं एका कंपनीच्या कँटीनमध्ये वाढपी होते. स्वयंपाकी नव्हे, वाढपी. हा फरक जो चुकवेल त्याची ते दिवसभर पाठ सोडत नसत. “रांधायला अक्कल लागत न्हाई, जाळ लागतो,” ते म्हणत. “वाढायला मानूस वळखावा लागतो.”

आणि माणूस ते ओळखत, म्हणजे तसा त्यांचा दावा होता. समोरचा कसा जेवतो यावरून त्याचा न्यायनिवाडा करून टाकत. आमच्या मॅनेजर सरांबद्दल त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला. “पोह्यातलं खोबरं बाजूला काढून शेवटाला येकटा खातो. ह्याच्याकडनं पगार वाढायचा न्हाई.” तो वाढला नाही. पण तो निकाल खोबऱ्यामुळे खरा ठरला असं मी मानायला तयार नव्हते, कारण सर लोक खोबरं न खातासुद्धा पगार वाढवत नाहीत.

स्वतः मामा कोणाच्याही समोर जेवत नसत. डबा घेऊन जिन्याच्या कोपऱ्यात जायचे आणि भिंतीकडे तोंड करून, उभ्याने, पाच मिनिटांत संपवायचे. वाढप्याने बसून जेवलं की त्याचा हात जड होतो म्हणे.

त्यांचे शत्रू ठरलेले होते. पहिला मिक्सर. दात नसलेल्या माणसाला सगळं एकत्र वाटून लगदा देतात, त्यावर त्यांचा राग. “भात भातासारखा दिसू दे, भाजी भाजीसारखी. ह्यो काय गिलावा हाय?” दुसरा शत्रू आमच्या एजन्सीचा पावडरचा डबा. शक्तीची पावडर, दुधातून द्यायची. डब्यावर पिकल्या केसांचं एक जोडपं बॅडमिंटन खेळत होतं. आम्ही तो डबा ज्यांच्या घरी ठेवत होतो त्यांच्यातल्या बहुतेकांना कुशीवर वळतासुद्धा येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तर पावडर द्यावीच लागते, हे मामांनाही कळत होतं. पण आमच्याकडे डॉक्टरांनी सांगायची वाट कोणी बघत नसे. म्हातारा जेवत नाही म्हटलं की डबा. मामा त्याला भिंतीला मारायचा डिस्टेंपर म्हणत. “मारला का आज डिस्टेंपर?” असं ते घरच्यांसमोर विचारत, आणि मग मला पुन्हा फोन येत.

तिसरा शत्रू कॅमेरा. एका घरी मुलाने वडिलांच्या पलंगासमोर कॅमेरा लावला होता. तो चाकणच्या प्लांटमध्ये बसून मोबाइलवर वडिलांना बघायचा. प्रेम होतं त्यात, नाही कोण म्हणतंय. मामांनी पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळी कॅमेऱ्यावर आपला पंचा टाकला. दोन मिनिटांत फोन.

“मामा, बाबा दिसत नाहीत.”

“जेवत्यात.”

“हो, पण मला दिसत नाहीत ना.”

“जेवून झाल्यावर दिसतील. तुमच्या सायबानं डोळं लावल्यावर तुमचा घास उतरतो का?”

मुलाने फोन ठेवला. बहुधा साहेब खरोखरच समोर असावा.

आता माझ्या छापील खोट्याचं. माझे वडील कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटत. शिफ्ट सुटायच्या वेळेला मी त्यांच्या शेजारी उभी राहून गठ्ठा धरत असे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. त्यामुळे आजही वाक्याच्या शेवटी मागणी नसली, की मला वाक्य अपुरं वाटतं. एजन्सीत लागले त्या महिन्यात मी एका घरी एक अटेंडंट बघितला. म्हाताऱ्या बाईचं नाक चिमटीत धरून तो खिचडी तोंडात कोंबत होता. त्याला घरी पाठवलं आणि त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘नकार म्हणजे नकार!’ खाली: ‘पेशंट म्हणजे भांडं नव्हे. त्याचं तोंड त्याच्या मालकीचं आहे. तो नको म्हणाला की चमचा खाली ठेवा.’

सरांनी ते पत्रक इतक्या झटकन मंजूर केलं, की तिथेच मला संशय यायला हवा होता. त्यांनी ते लॅमिनेट करून प्रत्येक पेशंटच्या पलंगामागे लावलं, आणि आहाराचा नवा तक्ता काढला. त्यात दोनच रकाने. ‘घेतला’ आणि ‘नाकारला’. अटेंडंटचं काम एकदम हलकं झालं. अर्धा तास बसून भरवण्यापेक्षा एकदा विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि खूण करायची. हक्काचा हक्क, आणि वेळेची बचत. मी फार खूश होते.

मामा त्या तक्त्यावर खूण करत नसत. ते समासात लिहीत. ‘सकाळ. उपीट वाटीभर. दोन पुरे खोटे, एक खरा.’ ऑफिसात कोणालाच ते समजेना. सरांनी मामांना बोलावून घेतलं.

“मामा, हे काय कोडवर्ड लिहिता? हा फॉर्म क्लायंट बघतो. प्रोफेशनल दिसलं पाहिजे.”

“जेवलेलं दिसलं पाह्यजे,” मामा म्हणाले, आणि सरांच्या बशीतल्या खोबऱ्याकडे बघत उभे राहिले.

खोटे पुरे आणि खरे पुरे म्हणजे काय, ते मला मोशीत कळलं. तिथे एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडून पडलेल्या. ज्या रानात त्यांनी उभ्या जन्मात कांदे लावले, त्याच रानावर उठलेल्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर त्या आता आडव्या होत्या. मुलगा शिफ्टला, सून घरूनच काम करणारी, कानाला हेडफोन. घर चांगलं होतं. कोणी आजींना तोडून बोलत नव्हतं. पण तक्त्यावर रोज ‘नाकारला’. मनगटातली काचेची बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली होती. पाठीला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, “पोटात काही जाणार नसेल तर मी वरून किती मलम लावू?”

बाईमाणसाकडे मामांना पाठवायची पद्धत नव्हती. पण तिथल्या मावशींनी हात टेकले, म्हणून एका दुपारी मी मामांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. नवव्या मजल्यावर पोचल्यावर मामा आधी बादलीकडे गेले. आवाज दुसऱ्या प्रकारचा आला.

मावशींनी माझ्यासमोर अगदी शिकवल्याप्रमाणे केलं. चार घास भरवले आणि गोड आवाजात विचारलं, “आजी, अजून थोडं घ्याल का?”

“पुरे गं बाई,” आजी म्हणाल्या.

मावशींनी ताट उचललं. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर माझं पत्रक चकाकत होतं.

“ताट ठिव खाली,” मामा म्हणाले. त्यांनी पिशवीतून डाव काढला, धुतला, वरणाचं भांडं घेतलं आणि आजींच्या उशाशी उभे राहिले. आजींकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीकडे बघून म्हणाले, “हितं खाली तुमची हीर व्हती न्हवं? तिचं पानी खारं व्हतं म्हनत्यात.”

“कोन म्हनतं?” आजी ताडकन म्हणाल्या. “गोड व्हतं. समदी आळी न्यायची.”

तेवढ्यात डावभर वरण भातावर पडलं होतं.

“पुरे,” आजी म्हणाल्या.

“व्हय,” म्हणून मामांनी मावशींना खूण केली. मावशींनी घास दिला. आजींनी तो खाल्ला. “आळी न्यायची म्हंता, मग आमच्या चिखलीचं लोक का नाकं मुरडायचं?”

“चिखलीचं लोक काय, त्यांना नदीचं बी खारं लागंल.” आणखी दोन घास गेले. आणखी एक डाव. “आवो पुरे म्हनलं ना.”

“व्हय व्हय.” आणखी घास.

असं चाललं. मग मामांनी तिसऱ्यांदा डाव पुढे केला तेव्हा आजींचा हात हळूच पांघरुणाखालून निघाला आणि ताटावर आडवा आला. तळवा खाली, बोटं जुळलेली. “पुरे,” त्या म्हणाल्या. डाव हवेत जिथे होता तिथेच थांबला. वरणाचा एक थेंबही खाली पडला नाही.

“ह्यो खरा,” मामा मावशींना म्हणाले. “आता उचल.”

लिफ्टमध्ये मी त्यांना धारेवर धरलं. नको म्हणणाऱ्या बाईला वाढत राहणं ही दांडगाई आहे, तुम्ही आणि तो नाक दाबणारा यांच्यात फरक काय, वगैरे. माझ्याजवळ या विषयावर तयार वाक्यं भरपूर होती.

“ती नको कवा म्हनली?” मामा म्हणाले. “पुरे म्हनली. पयला पुरे रीतीचा. पंगतीत पयल्या वाढीला हा म्हनतो तो अधाशी. दुसरा पुरे लाजेचा. तिसरा पोटाचा, आन त्याच्यासंगती हात येतो. आन तुमी काय करता? ‘घ्याल का, घ्याल का’ इच्यारता. इच्यारल्यावर कोन व्हय म्हनंल? ती काय दारात आलीय व्हय मागायला? सवताच्या रानात आडवी पडलीय ती.”

“हे तीन पुरे कुठे लिहिलेत?”

“हातावर,” मामा म्हणाले. “तुला छापलेलंच वाचता येतं, त्याला मी काय करू.”

पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्राउंड फ्लोअरला पोचलेली लिफ्ट त्यांनी परत वर नेली, कारण मुख्य गोष्ट राहिली होती. सुनेला त्यांनी स्वयंपाकघरात विचारलं, “मावशी जाते किती वाजता?”

“पाचला.”

“मंग पाचनंतर सासूबाईंना संडासला लागली की कोन करतं?”

“मी करते ना. मी कधी नाही म्हटलंय? त्या सांगतच नाहीत मामा. मी विचारते तर नको म्हणतात.”

“पुन्यांदा इच्यारनंच,” मामा म्हणाले. “सूनबाई, त्यांना भूक हाय. त्यांना तुमाला उठवायचं न्हाई. खाल्लं तर लागंल, लागलं तर सांगावं लागंल. म्हनून दुपारपासनं पोट बांधून पडल्यात. तुमी इच्यारू नका. येळ लावा. सा वाजले की जायचं, करायचं, यायचं. दात घासल्यावानी.”

सुनेने गळ्यातला हेडफोन काढून ओट्यावर ठेवला. बांगडी पुन्हा मनगटाकडे यायला दोनेक महिने लागले, पण आली. मी सरांकडे तक्त्यात तिसरा रकाना मागितला. सर म्हणाले, “कल्पना छान आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये दोनच आहेत.”

त्यानंतर मामांच्या सिद्धान्ताला मोकळं रान मिळालं. चिखलीतल्या एका गॅरेजवाल्याचे वडील आमच्याकडे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते पुरेऐवजी “बस, बस” म्हणत. मामांनी दोन दिवस निरीक्षण केलं आणि जाहीर केलं, “चाचांचा बस आन आपला पुरे, सख्खे चुलतभाऊ. फकस्त चाचांचा दुसऱ्यालाच खरा व्हतो, मानूस सरळ हाय.” नव्या मावशा-मामांना ते ऑफिसच्या गॅलरीत रिकाम्या ताटांवर पुरे ओळखायला शिकवत. एकजण पुरे म्हणायचा, दुसऱ्याने खोटा की खरा ते सांगायचं. सर खाली मान घालून जात. क्लायंट आले असले की सर सांगत, आमचं ट्रेनिंग चाललंय.

मला मात्र हा सगळा आग्रहाचा सोहळा पचत नव्हता, आणि त्याचं कारण पुस्तकी नव्हतं. एकदा चिखलीतच चहाच्या टपरीवर मामा जुन्या पंगतींची वर्णनं करत होते. गावच्या भंडाऱ्यात कसे वाढपी धावत, पाहुणा पुरे म्हणाला तरी कसे थांबत नसत. मी विचारलं, “मामा, हा आग्रह सगळ्यांना होता का? माझ्या आजोबांच्या पंगतीला तिसऱ्या पुरेपर्यंत कोण थांबलं होतं?”

मामांना माझं आडनाव ठाऊक होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

“न्हाई,” ते म्हणाले. “ती पंगत येगळी बसायची. लांब. तितं वरनं टाकायचं, वाकायचं न्हाई, आसं आमाला सांगितलेलं. मी चौदा-पंधराचा आसंन. टाकलं वरनं.”

“ते पुरे म्हणायचे?”

“म्हनायला येळ कुनी दिला?” मग पिशवीवर हात ठेवून ते म्हणाले, “कंपनीत लागलो तवा पयल्या दिवशी समद्यांना येकाच डावानं, वाकून वाढलं. ह्यो त्योच डाव. रिटायर झालो तवा मागून घेतला.”

हा डाव कुठून आला हे ते प्रत्येकाला वेगळं सांगत. सरांना सांगितलं होतं की साहेबाच्या हस्ते सत्कारात मिळाला. चाचांना सांगितलं होतं की चोरला. मला सांगितलेलं खरं असेल असं मी धरून चालले आहे.

माफी मागणं मामांना जमत नव्हतं. त्यांनी माझ्या बशीत, न विचारता, एक क्रीमरोल ठेवला. मी म्हटलं, “पुरे,” आणि पहिल्याच पुरेला हात आडवा घातला. दुसरा क्रीमरोल त्यांच्या चिमटीत होता. तो त्यांनी मुकाट्याने परत बरणीत ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात मामांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे एक शब्द सोडून सगळे गेले. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधीकधी, मेंदूत एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. मामांकडे कोणता राहिला असेल हे सांगायची गरज नाही. पाणी हवं असलं तरी पुरे. पंखा लावायचा तरी पुरे. मुलाला हाक मारायची तरी पुरे.

एजन्सीने त्यांना ‘स्टाफ सवलतीत’ अटेंडंट दिला. माझ्याकडे दुसरा विभाग आला होता, म्हणून मला दोन-अडीच आठवडे काही कळलं नाही. कळलं ते मुलाच्या फोनमुळे. त्यांचा मुलगा एका वर्कशॉपमध्ये तीन पाळ्यांत काम करतो. “ताई, बाबा काही खातच नाहीत,” तो म्हणाला. “चमचा नेला की पुरे म्हणतात. निम्मे झालेत. डॉक्टर म्हणाले सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालू.”

“गिळता येत नाही का?”

“येतं. तपासलंय त्यांनी. बसवून, सावकाश, मऊ दिलं तर गिळतात म्हणाले. पण घ्यायला तर पाहिजे.”

मी गेले तो शुक्रवार होता. गावठाणातलं दोन खोल्यांचं घर, दोन्ही बाजूंना वर्कशॉपची खडखड. मामा पलंगावर होते. गळ्याची हाडं मोजता येत होती, आणि शर्टाची वरची गुंडी लावलेली असूनही कॉलरमध्ये मूठ मावली असती. उशाशी पावडरचा डबा, त्यावर ते जोडपं बॅडमिंटन खेळत होतं. पलंगामागे तक्ता. ‘नाकारला, नाकारला, नाकारला.’ ओळीने, सुवाच्य अक्षरात. आणि तक्त्याच्या वर, लॅमिनेट केलेलं, माझं पत्रक.

त्या अटेंडंटवर मला ओरडता आलं नाही. तो नवा होता, गॅलरीतली शिकवणी संपल्यानंतर आलेला, आणि माझ्या पत्रकाप्रमाणे तंतोतंत वागत होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओल्या कचऱ्याची बादली उघडली. मिक्सरमधून काढलेला पिवळा लगदा, दोन वेळचा. माझ्या नाकातून आवाज निघाला. दुसऱ्या प्रकारचा.

मुलाला मऊ भात आणि साधं वरण लावायला सांगितलं. भोपळ्याची भाजी होती, ती शिजून मऊ झालेली होतीच. मामांना आम्ही उशा लावून ताठ बसवलं. खुंटीवरच्या खाकी पिशवीतून मी डाव काढला. मामांचे डोळे डावाबरोबर फिरले. वाट्या नव्हे, ताट मांडलं. भात, त्यावर डावभर वरण, भाजी, लिंबाची फोड, मीठ. पहिला घास मी हाताने दिला.

“पुरे,” मामा म्हणाले, आणि तोंड मिटलं.

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर होता. मी घास तसाच धरून ठेवला आणि म्हटलं, “मोशीच्या आजी म्हणत होत्या, चिखलीच्या लोकांना नदीचंही पाणी खारं लागतं.”

“पुरे,” मामा रागाने म्हणाले. तोंड उघडलं होतं. घास गेला.

ते सावकाश चावत होते. उजव्या कोपऱ्यातून वरण ओघळत होतं ते मी पुसत होते. गिळलं की पुढचा घास. “पुरे.” हात मांडीवर. घास. “पुरे.” हात मांडीवर. मधेच एकदम “पुरे, पुरे, पुरे” असा भडिमार झाला आणि डावा हात उठला. मी थांबले. पण हात ताटावर आडवा आला नाही. त्याने लिंबाची फोड पकडली आणि ताटाच्या उजव्या बाजूची डाव्या बाजूला नेऊन ठेवली. मी लिंबू उजवीकडे वाढलं होतं. तीस वर्षांच्या कँटीनमधल्या सगळ्या शिव्या त्या तीन ‘पुरे’मध्ये बसल्या होत्या.

हात परत मांडीवर गेला. मुलगा दारात उभा राहून बघत होता. त्याला मी खुणेने आत जायला सांगितलं, बघत बसल्यावर घास उतरत नाही म्हणून.

भात संपत आला. मी वाकून आणखी एक डाव वरण वाढायला गेले, तेव्हा हात आला. तळवा खाली, बोटं जमतील तेवढी जुळलेली. आडवा, ताटाच्या मधोमध. “पुरे.”

मी डाव जागच्या जागी थांबवला. पण माझा हात काही वाढप्याचा नाही. एक थेंब निसटला आणि मामांच्या मनगटावर पडला. मामांनी थेंबाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

“पुरे,” ते म्हणाले. याचा अर्थ डॉक्टरांनाही कळला असता.

तक्त्याच्या दोन रकान्यांत मी काहीच भरलं नाही. समासात लिहिलं: ‘दुपार. भात, वरण, भाजी, ताटभर. बरेच पुरे खोटे, एक खरा. शेवटचा पुरे सुपरवायझरला उद्देशून.’ मुलाला आणि त्या अटेंडंटला बसवून हात कसा बघायचा ते शिकवलं. सोमवारी डॉक्टर आले तेव्हा अटेंडंट भरवत होता आणि मामा त्याला पुरे पुरे म्हणून झापत होते. नळी पाकिटातून बाहेर निघाली नाही.

पत्रक मी फाडलं नाही. नाक दाबून खिचडी कोंबणारे अजून आहेत, आणि नकार म्हणजे नकार हे माझं म्हणणं आजही आहे. पण पुरे हा नकार आहे हे मला कोणी सांगितलं होतं? त्या शुक्रवारी निघण्याआधी मी पेन काढून लॅमिनेशनवरच ठळक अक्षरांत खाली एक ओळ वाढवली: ‘पुरे म्हणजे नकार नव्हे. विचारू नका, वाढा. हात बघा.’

ओळ बरी उतरली होती. शेवटी मागणीही होती. मी ती मामांना मोठ्याने वाचून दाखवली आणि त्यांच्याकडे बघितलं.

“पुरे,” मामा म्हणाले.

हात मांडीवरच होता.